गामा आणि झ्बिस्को : लंडनच्या कुस्तीबाबत खुलासा

‘गामा पहिलवानाने १९१० साली लंडनमध्ये झ्बिस्कोला मिनिटभरात अस्मान दाखवले’ असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. दोन वेगळ्या कुस्त्या त्यात एक झाल्या आहेत.

लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममधील कुस्ती १० सप्टेंबर १९१० रोजी झाली. गामाने झ्बिस्कोला सुरुवातीलाच खाली घेतले. मात्र त्यानंतर हा धिप्पाड पोलिश मल्ल जो पोटावर पालथा पडून गादीला चिकटला, तो जवळजवळ अखेरपर्यंत तसाच राहिला, आणि पाठ टेकल्याशिवाय चीत धरायचे नसल्यामुळे अडीच तासांहून अधिक वेळ खर्ची पडूनही निकाल लागला नाही. प्रेक्षक कंटाळले नसते तरच नवल. ही कुस्ती बरोबरीत सुटली. पुढील शनिवारी, १७ सप्टेंबरला, ती पुन्हा व्हायची होती. झ्बिस्को आलाच नाही, म्हणून गामाला विजयी ठरवून ‘जॉन बुल’ हा विजेतेपदाचा पट्टा देण्यात आला. म्हणजे पट्टा खरा, पण लंडनच्या आखाड्यात झ्बिस्कोची पाठ लागली नव्हती.

मिनिटाच्या आत झालेली कुस्ती जानेवारी १९२८ मधली, पतियाळा संस्थानातली. तेथे गादी नव्हती, माती होती. गामाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झ्बिस्कोला तिथे खरोखरच चीत केले. १९१० ची पट्ट्याची हकीकत आणि १९२८ चा हा झटपट निकाल एकाच वाक्यात कोंबल्यामुळे हा घोळ झाला आहे.