अंधुक दिसतं ते उडवा म्हणे!

फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरणारा एक मेसेज आहे. त्याचा मथितार्थ असा: विंडोजने तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्हाला न सांगता फाइली दडवून ठेवल्यात. त्यातल्या निम्म्या व्हायरस असतात. त्यांच्यामुळेच सी ड्राइव्ह भरतो आणि मशीन रडतं. तेव्हा फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत ‘हिडन आयटम्स’वर टिक करा आणि जे जे अंधुक दिसेल ते शिफ्ट-डिलीटने उडवा. वर जाता जाता एक टीप: खासगी फोटोंचा फोल्डर हिडन केलात की कुणाच्या बापाला सापडणार नाही.

टिक कुठे करायची, तेवढं बरोबर आहे. विंडोज ११ असेल तर व्ह्यूमध्ये आधी ‘शो’वर जावं लागतं, इतकंच.

आधी ते ‘दडवून ठेवल्यात’. दोन क्लिकमध्ये उघडी पडणारी गोष्ट दडवलेली कशी? हिडन ही फाइलवर मारलेली एक खूण आहे, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यापासूनची. रोजच्या कामात जिची गरज नाही ती फाइल समोर येऊ नये, एवढाच तिचा हेतू. मॅकवर कमांड-शिफ्ट-टिंब दाबा, लिनक्सच्या बहुतेक फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा. तिथेही असाच पसारा निघेल. हे दोन्ही ज्याच्या वळणावर गेलेत त्या जुन्या युनिक्समध्ये नावाआधी टिंब असलेली फाइल लपते, आणि हे मुळात प्रोग्रॅममधल्या एका आळशी शॉर्टकटमुळे झालं, असं युनिक्सच्या टीममध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनीच लिहून ठेवलंय. कटकारस्थान असतं तर निदान जरा विचार करून केलं असतं.

आता व्हायरस. सिस्टीमच्या फाइलीही दाखवायला लावल्या की डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाच्या दोन जुळ्या फाइली उगवतात आणि लोक घाबरतात. त्यातली एक तुमच्या डेस्कटॉपची, दुसरी सगळ्या युजर्सच्या सामायिक डेस्कटॉपची. फोल्डरचं नाव आणि आयकॉन कसा दिसावा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. वर्डची फाइल उघडी असताना शेजारी तशाच नावाची एक चिमुकली अंधुक फाइल दिसते. फाइल कोणी उघडली आहे याची ती नोंद. वर्ड नीट बंद केलं की ती आपोआप जाते.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती मेसेजमध्ये उलटी सांगितली आहे. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, हे आपल्याकडे असंख्य लोकांनी पाहिलंय. हा व्हायरस तुमच्या खऱ्या फोल्डरवर हिडन आणि सिस्टीम अशा दोन्ही खुणा मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. म्हणजे अंधुक दिसतो तो तुमचा डेटा, आणि ठसठशीत दिसतो तो सापळा. मेसेज ऐकून अंधुक ते उडवलंत, तर मुलीच्या प्रोजेक्टचं फोल्डर जाईल आणि व्हायरस शाबूत राहील. अशा वेळी शॉर्टकटला हात न लावता आधी अँटिव्हायरसने स्कॅन करायचं, मग ‘अ‍ॅट्रिब’ कमांडने (ती कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत टाइप करायची) त्या दोन्ही खुणा काढायच्या. प्रॉपर्टीजमधून जमत नाही, कारण सिस्टीमची खूण असली की तिथला हिडनचा चौकोन हलतच नाही.

आणि हा प्रकार नवा नाही. २००२ साली ‘टेडी बेअरचा आयकॉन असलेली फाइल व्हायरस आहे, शोधा आणि उडवा’ असा ईमेल जगभर फिरला होता. ती फाइल विंडोजचीच होती, जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या डीबगरची. लोकांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली.

जागेचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही. हायबरनेशनची, म्हणजे मशीन बंद करताना चालू काम जपून ठेवणारी फाइल काही जीबी खाते, मेमरी कमी पडली की वापरायची पेजफाइलही खाते. पण या दोन्ही फाइली चालू विंडोज स्वतः वापरत असतं, त्यामुळे शिफ्ट-डिलीटने त्या जात नाहीत. जातं ते नको तेच. तुमच्या युजर फोल्डरमधला ‘अ‍ॅपडेटा’ उडवलात की क्रोमचे बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड, कितीतरी प्रोग्रॅमची सेटिंग्ज गेली, आणि शिफ्ट दाबल्यामुळे रिसायकल बिनमध्येही काही नाही. विंडोज फोल्डरच्या आत ‘इन्स्टॉलर’ नावाचा एक जाडजूड लपलेला फोल्डर असतो. तो काढला की पुढे बरेच प्रोग्रॅम अपडेटही होत नाहीत आणि अनइन्स्टॉलही होत नाहीत.

जागाच हवी असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे विंडोजची जुनी आवृत्ती, अपडेटचा उरलेला कचरा असं वेगवेगळं दिसतं. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर टिक नाही ना ते बघा. मशीन हळू असेल तर टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी उघडा. नुसती पडून असलेली फाइल प्रोसेसर खात नाही.

राहिली फोटोंची टीप. दाराला पडदा लावून कुलूप लावल्याचं समाधान मानायचं असेल तर खुशाल लावा. ज्या ग्रुपमध्ये हिडन आयटम्स कसे बघायचे ते शिकवलं, त्याच ग्रुपमध्ये हिडन केलं की सापडत नाही असंही सांगायचं, याला काय म्हणावं? खरंच खासगी असेल तर पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही असं करा, आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळा युजर द्या.

गंमत म्हणजे, त्या मेन्यूत ‘हिडन आयटम्स’च्या बरोबर वर ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ (फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरं) असतं, आणि मेसेज त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस पसरला तो याच आडोशाने: प्रेमपत्राची साधी टेक्स्ट फाइल वाटावी असं नाव, आणि ती चालणारा प्रोग्रॅम आहे हे सांगणारी शेवटची खरी तीन अक्षरं, व्हीबीएस, विंडोजने लपवलेली. आजही बिलाची पीडीएफ म्हणून ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल येते ती तशीच. टिक करायचीच असेल तर त्या वरच्या चौकोनात करा, आणि ती कायम राहू द्या.