ब्रेक ऑइल संपलं म्हणून कुठलंही तेल चालत नाही

परवा रात्री भाच्याचा फोन, "मामा, बाईकच्या ब्रेकची एअर काढतोय, ऑइल कमी पडलं, आईच्या शिलाई मशीनचं तेल टाकू का थोडं?" माझी झोपच उडाली. त्याला "घरच्या घरी एकट्याने ब्रेक ब्लीड करा, मेकॅनिकचे पैसे वाचवा" असा मेसेज आला होता (ब्लीड म्हणजे ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं), आणि सकाळी बघतो तर तोच आमच्या फॅमिली ग्रुपवर, खाली अंगठ्यांची रांग.

तर आधी तेच. मेसेजमध्ये लिहिलंय की ब्रेक ऑइल नसेल तर इंजिन ऑइल किंवा कुठलंही पातळ तेल चालतं, शेवटी प्रेशरच द्यायचंय. नाही चालत! ब्रेक ऑइल नुसतं नावाला ऑइल आहे, आपल्या गाड्यांत असतं ते ग्लायकॉलचं, आणि मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा पंप) आणि कॅलिपर (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) यांच्यातली रबरं त्याच हिशोबाने बनवलेली असतात. त्यांना इंजिन किंवा शिलाई मशीनच्या तेलासारखं पेट्रोलियमचं तेल लागलं की ती फुगतात. फुगलेलं रबर तेल परत ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत जायचं बारीक भोक बंद करतं, मग लिव्हर सोडला तरी ब्रेक सुटत नाही, पॅड घासत राहतात, डिस्क तापते आणि चाक जाम होतं, पुढचं चाक, चालत्या गाडीचं. एका गॅरेजमध्ये मी असं रबर हातात घेऊन बघितलंय, टाकीच्या झाकणाखालचं काळं डायफ्रॅम (रबरी पडदा), कडा लाटांसारख्या वर आलेल्या, बोटांना गिळगिळीत लागणारं, परत झाकणात बसवायला गेलो तर बसेचना. मग नुसतं तेल काढून भागत नाही, होजसकट (ऑइलची रबरी नळी) रबराचा प्रत्येक पार्ट बदलावा लागतो. आणि हे सगळं एका छोट्या बाटलीचे पैसे वाचवायला?

कुणाला माझं पटत नसेल तर खाली जाऊन स्वतःच्या बाईकच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण वाचा. बहुतेक झाकणांवर कोरलेलंच असतं, उघडायच्या आधी पुसून घ्या, आणि फक्त डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा (हे ब्रेक ऑइलचे प्रकार, गाडीला जे असेल ते), तेही सीलबंद डब्यातलं.

सीलबंद का, तर मेसेजमधल्या "काढलेलं ऑइल गाळून परत टाका" याचं उत्तर त्यातच आहे. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळू नये असा निकष आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच निकष १५५ वर येतो. भाचा दर महिन्याला आंबा घाट उतरतो. उतारावर ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर सरळ हँडलला टेकतो. गाळणीने पाणी निघत नाही.

"नंबर मोठा म्हणून डॉट ५ टाका" हेही चूक, ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच.

आता एकट्याने जमतं का? जमतं, एवढं मान्य. पण "निपल उघडं ठेवून पंप करत राहा" हे अर्धंच खरं, निपल म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा पोकळ स्क्रू, त्याला लावलेल्या नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं असलं तरी लिव्हर सोडताना सैल निपलच्या आट्यांमधून हवा आत ओढली जाऊ शकते. बाईकच्या पुढच्या ब्रेकला दोन हात पुरतात, लिव्हर दाबून धरा, रिंग पान्याने निपल पाव आटा सैल करा, लिव्हर खाली गेला की तो तसाच धरून निपल बंद करा, मगच सोडा. आणि टाकीवर नजर ठेवा, लेव्हल तळाला गेली की परत हवा शिरली, परत पहिल्यापासून. लिव्हर रात्रभर बांधून ठेवायची युक्तीही बारीक बुडबुड्यांना थोडी कामाची आहे, ब्लीडिंगच्या बदली नाही. आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्येच हवा अडकली तर गॅरेजला जा, स्कॅनर लावून पंप फिरवावा लागू शकतो.

भाच्याने दुसऱ्या दिवशी सीलबंद डॉट ४ आणलं, मी व्हिडिओ कॉलवर होतो. सात-आठ वेळा नळीत बुडबुडे आले, मग नुसतं ऑइल, आणि लिव्हर घट्ट. ग्रुपवर ज्यांनी तो मेसेज टाकलाय त्यांनी कृपया डिलीट करा, पुढे पाठवला असेल तर तिथेही कळवा.