परदेशातून : प्रतिकाराचा जाब कुणाला विचारायचा?

पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींत हिटलरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ज्यूंनी प्रतिकार का केला नाही? मग कोणीतरी गांधीजींचा २६ नोव्हेंबर १९३८ चा ‘हरिजन’मधील लेख काढतो, ज्यात त्यांनी जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला होता, आणि उरलेली संध्याकाळ अहिंसेची टिंगल व तिचा बचाव यांत जाते. बर्लिनमध्ये राहू लागल्यापासून मला या वादातले दोन्ही पक्ष सारखेच अपुरे वाटतात, कारण शस्त्राचा आणि निःशस्त्र निषेधाचा असे दोन्ही प्रयोग याच शहरात वर्षभराच्या आत होऊन गेले आहेत.

१८ मे १९४२ रोजी हेर्बर्ट बाउम या ज्यू कम्युनिस्टाने आणि त्याच्या साथीदारांनी, ज्यांतले बहुतेक तरुण ज्यू कामगार होते, लुस्टगार्टन चौकातल्या नाझींच्या सोव्हिएतविरोधी प्रदर्शनाला आग लावली. नुकसान किरकोळ झाले. बाउम कोठडीत मेला, त्याच्या बहुतेक साथीदारांना देहदंड झाला, आणि शिवाय सूड म्हणून बर्लिनमधल्या ५०० ज्यू पुरुषांना पकडण्यात आले, ज्यांपैकी २५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. या माणसांचा त्या आगीशी काडीचाही संबंध नव्हता. (पूर्व जर्मनीने १९८१ मध्ये तिथे स्मारकशिळा बसवली, तीवर कम्युनिस्ट बाउम होता, सोव्हिएत मैत्री होती, ज्यू हा शब्द मात्र नव्हता.)

दुसरा प्रसंग तिथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर घडला. २७ फेब्रुवारी १९४३ पासून कारखान्यांतल्या उरल्यासुरल्या ज्यू कामगारांची धरपकड सुरू झाली, आणि बिगरज्यू जोडीदार असलेल्या सुमारे २,००० जणांना, मुख्यतः पुरुषांना, रोझेनश्ट्रासेवरील एका इमारतीत डांबण्यात आले. त्यांच्या बायका सुमारे आठवडाभर त्या रस्त्यावर जमत राहिल्या. बहुतेकांची सुटका झाली. ती या स्त्रियांमुळे झाली की राजवटीने या कैद्यांना मृत्युछावण्यांत पाठवायचे ठरवलेच नव्हते, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. पण त्याच दिवसांत हजारो ज्यू बर्लिनहून ऑशविट्झला रवाना झाले आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर कोणी उभे राहिले नाही, याबद्दल दुमत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा फरक. त्या स्त्रियांना उभे राहता आले, कारण राजवटीच्या लेखी त्या अजून ‘आपल्या’ होत्या. ज्यूंकडे मात्र १९३५ नंतर नागरिकत्वाचे हक्क उरले नव्हते, १९३८ नंतर शस्त्र बाळगणे गुन्हा होता आणि १९४१ मध्ये देश सोडण्यावरही बंदी आली. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९३९ मध्ये जेरुसलेमहून गांधीजींना लिहिलेल्या पत्राचा रोख हाच होता : ज्या हौतात्म्याची दखलच कोणी घेत नाही, ते वाऱ्यावर उधळले जाते. गांधीजींच्या धैर्याविषयी माझ्या मनात शंका नाही, पण सत्याग्रहाला पाहणारे, आणि पाहून लाजणारे, लोक लागतात, ही अट त्यांनी येथे गृहीत धरली असे मला वाटते.

म्हणून प्रतिकाराचा जाब विचारायचाच असेल, तर तो ज्यूंच्या शेजाऱ्यांना विचारावा. बर्लिनमध्ये लपून वाचलेल्या सुमारे १,७०० ज्यूंना अन्न, कागदपत्रे आणि निवारा देणारे शेजारी होते. गाडीत चढवलेल्यांची कपाटे, चादरी आणि भांडी जर्मन शहरांत जाहीर लिलावात विकली जात होती, तेव्हा बोली लावायला आलेलेही शेजारीच होते.