‘बसतंय की!’

जुन्या गाडीच्या मालकाला बुडवायला चोर लागत नाही, ‘बसतंय की!’ हे दोन शब्द पुरतात. मिस्त्री दुसऱ्याच गाडीचा पार्ट ठेवतो, नट ओढतो, हात पुसत हे दोन शब्द बोलतो आणि आपण खिशात हात घालतो. मला विचाराल तर न बसणारा पार्ट सज्जन. तो तोंडावर नाही म्हणतो. भ्यावं ते बसणाऱ्या पार्टला.

अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. त्याची भावकी मोठी: मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजीए, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सगळ्यांचा ८८.९ मिमी, म्हणजे वाडा एकच. वाटण्या झाल्या त्या बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाच्या. १४८९ ला ७३.०२५ मिमी, १५८८ ला ७५.४, १६२२ ला ७६.२ आणि एमजीबीच्या १७९८ ला ८०.२६. अँबॅसिडर पन्नासेक हॉर्सपॉवरवर समाधानी असते, आणि तेवढ्याच सीसीत एमजीए सुरुवातीलाच ६८ काढायची. चुलतभावाची ही भरभराट बघवत नाही, आणि माणूस कुर्ल्याच्या भंगारात पार्ट शोधत फिरू लागतो.

तिथे आधी आकडे फसवतात. अँबॅसिडरचं जुनं डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच, बोअर-स्ट्रोकसकट. दुकानदार ‘चौदाशे एकोणनव्वदचं हेड’, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, दाखवतो तेव्हा खोटं बोलत नसतो, फक्त पुरतं बोलत नसतो: पेट्रोलचं की डिझेलचं ते सांगत नाही. आणि ‘अठराशेची अँबॅसिडर’ म्हणून जे इंजिन दाखवतात ते १८१७ सीसीचं इसुझू. त्याचा एमजीबीच्या अठराशेशी काडीचा संबंध नाही. आडनाव जुळलं म्हणून भावकी होत नाही.

सगळ्यांचा जीव असतो तो हेडवर, कारण हेड खरंच बसतं. एमजीबीचं हेड पंधराशेच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या धडावर, ठेवा, स्टड घरच्यासारखे आत जातात. एमजीएच्या पंधराशेचा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन-हवा आत घेणारी झडप, ३८.१ मिमी, एमजीबीचा ३९.७ आणि पुढच्या हेडांत ४१.३. इथवर ऐकून माणूस हरखतो. पण त्या हेडातला चेंबर, म्हणजे पेट्रोल जळतं ती पोकळी, ८० मिमीच्या बोअरसाठी कोरलेला, आणि खाली बोअर ७३ चा. चेंबरची कड बोअरच्या बाहेर लोंबते, तिथे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या माथ्यावर आपटू शकतो. पोरांची रंगीत क्ले आणा. ब्लॉकच्या कडेवर आणि पिस्टनच्या डोक्यावर पातळ थर द्या, जुनं गॅस्केट घालून हेड कसा, टॅपेट सेट करा (व्हॉल्व्हची फट जुळवा) आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. सेल्फने नव्हे, हाताने. हेड काढून क्ले ब्लेडने कापा. सगळ्यात पातळ जागी दीड मिमी उरली नसेल तर ब्लॉकला खाच मारावी लागणार.

दुसरी गोम चेंबरच्या मापात आहे. मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणा. हेड उलटं ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह लावा, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा आणि भोकातून रंगवलेलं रॉकेल भरत मोजा. चेंबर पाच सीसीने मोठा निघाला तर काय होतं? एका सिलिंडरचे ३७२ सीसी. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ८.३ असेल तर वर ५१ सीसी जागा असते. त्याचे ५६ झाले की कॉम्प्रेशन ७.६ वर येतं. म्हणजे मोठे व्हॉल्व्ह घालून गाडी आधीपेक्षा मऊ! हेड प्लेन करून ते परत मिळवता येतं, पण आधी मोजून, नंतर प्लेन करून. उलट क्रमाने केलं तर लेथवाल्याचा तेवढा फायदा.

मोठ्या पिस्टनचा मोह सोपा आहे, कारण तो मोह लवकर मोडतो. ७३ चं बोअर ८०.२६ करायला गेलात तर थेट पाण्याच्या जॅकेटात उतराल. ७५.४ चा विचार करता येतो, तोही भिंतीची जाडी तपासूनच. जुना ब्लॉक आतून किती गंजलाय ते बाहेरून दिसत नाही. क्रँकचं तर नावच नको. एमजीबीला १९६४ मध्ये क्रँक पेलणारी पाच मेन बेअरिंग आली, आपल्याला तीन. पाचाची क्रँक तिनाच्या ब्लॉकमध्ये घालणं म्हणजे पाच भावांना तीन खोल्या वाटून देणं. आपलीच क्रँक ग्राइंड करून घ्या, ‘दहा अंडर’ म्हणा किंवा ‘वीस अंडर’ (इंचाच्या हजाराव्या भागांत बारीक), पण शेल, म्हणजे बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या, त्याच मापाचे आणा आणि डब्यावरचा आकडा शेलच्या पाठीवरच्या आकड्याशी ताडून बघा. डबे भंगार बाजारात जन्मभर फिरत असतात.

कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणलात तर दोन गोष्टी. गाडीला मेकॅनिकल पेट्रोल पंप असेल तर कॅमवर त्याचा लोब, म्हणजे उंचवटा, आहे का बघा. एमजीएला पंप इलेक्ट्रिक होता. आणि नव्या कॅमला जुने टॅपेट (लोबवर टेकून चालणारे तुकडे) कधीही लावू नका, लोब घासून सपाट होतो.

पाने मात्र इंचीच घ्या. हेडचे नट नऊ बाय सोळाचे, म्हणजे १४.२९ मिमी. चौदाचा पाना चढत नाही, पंधराचा चढतो आणि कोपरे खातो. पंधराचा पाना हासुद्धा एक ‘बसतंय की’च. नट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, ५० फूट-पाउंडापर्यंत.

आता सुरू करताना. पाणी, तेल, टायमिंग सगळं आधीच जुळवा, कारण इंजिन पहिल्या सेल्फला लागलं पाहिजे. कोरड्या कॅमवर घर्र-घर्र नको. लागल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा, कमी-जास्त करत. आयडलवर सोडायचं नाही, कारण कॅमच्या लोबवर तेल उडतं ते क्रँकच्या फिरण्यानं, आणि मंद फिरलं की ते कमी पडतं. याच वीस मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी खाली येतात. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढू नका. काचेतूनच नमस्कार करा.