दहा किलोची मूठ

वाण्याच्या किलोला सरकारी शिक्का लागतो. ठरावीक मुदतीत वजनं तपासून घ्यावी लागतात, नाहीतर दंड. मूठ बळकट करायला दाबतात त्या हँड ग्रिपरच्या किलोला मात्र कुणी विचारत नाही. प्लॅस्टिकच्या दांड्यावर कुणीतरी ५ पासून ६० पर्यंत आकडे छापतो, शेजारी लाल फिरकी बसवतो, आणि आपण ती फिरकी १० वर आणून खुशाल दहा किलो दाबत बसतो.

मीही खुशालच बसलो असतो, पण फिजिओथेरपिस्ट बाई आकड्यांच्या बाबतीत कडक निघाल्या. सोलापुरात सात रस्त्याजवळ स्कूटरवरून घसरून मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर बाईंनी मुठीची ताकद मोजणारा डायनामोमीटर हातात दिला. डावा हात ३८ किलो, उजवा १६. "ग्रिपर घ्या, दहा किलोवर लावा. जास्त नको, कमी नको. आणि पिळण्याची कामं सध्या बंद."

शेवटचं वाक्य मी घरी दोनदा सांगितलं. ज्या घरात सोलापुरी चादरी घरीच धुतल्या जातात, तिथे त्याचं मोल काय हे सांगायला नको. कोरडी असताना ती पांघरूण असते, भिजली की तिला दोन माणसं लागतात. "दहा किलोचं मला काही कळत नाही," बायको म्हणाली, "पण चादरीचं बरं पाठ झालंय तुम्हाला."

ग्रिपर आणला नवी पेठेतून. फिरकी १० वर आणली, दाबला, आणि मनात किडा शिरला. हे दहा नक्की कुठले? स्प्रिंग जसजशी दबते तसतशी जड होत जाते. सुरुवातीला बोट लावलं तरी हलते, शेवटच्या सेंटीमीटरला डोळे बाहेर येतात. म्हणजे दहा किलो असलेच तर ते दांडे एकमेकांना टेकतात त्या क्षणापुरते. बाकी वेळ आपण फुकट दाबतोय.

भाच्याला विचारलं. तो जिममध्ये जातो, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असतं. त्याने कॅप्टन्स ऑफ क्रश नावाच्या अमेरिकन ग्रिपरची माहिती दिली. त्यात फिरकी नसते. जितकी ताकद हवी तितका वेगळा ग्रिपर विकत घ्यायचा. एक नंबरचा १४० पौंड, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो. तीन नंबरचा २८० पौंड, आणि तो साक्षीदारासमोर नीट मिटला तर कंपनी प्रमाणपत्र देते. या नादातली माणसं छापील आकड्यावर विसंबत नाहीत म्हणे. एक दांडा पकडीत घट्ट बसवायचा, दुसऱ्याला पट्टा बांधून वजन टांगायचं, आणि दांडे टेकतील तेव्हा जे वजन भरेल ते खरं.

इथे मी ऐकणं थांबवायला हवं होतं असं बायकोचं मत आहे. माझं नाही.

पाण्याने मोजायचं ठरवलं. एक लिटर म्हणजे एक किलो, बादली टांगली की झालं. पण सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी माझ्या डोक्यात हे आलं तो पाण्याचा दिवस नव्हता. पिंपाकडे नुसतं पाहिलं तरी घरातून आवाज आला, "त्याला हात लावायचा नाही." मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याच्याकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण जुनी लोखंडी वजनं अजून फळीखाली आहेत. "काय तोलणार?" त्याने विचारलं. "मूठ," मी म्हणालो. त्याने वजनं दिली, पण माझं नाव वहीत लिहून घेतलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याकडे व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणारा शिकंजा, होता. दांडा त्यात आवळला, दुसऱ्याच्या टोकाला सुतळी बांधून पिशवी टांगली. पाच. सात. आठ किलोला दांडे टेकले. छापील दहा, भरले आठ! मी जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. कामगारांनी मागांकडे पाहिलं.

मग सुतळी घसरली. टोकापासून दोन सेंटीमीटर आत, सांध्याच्या बाजूला गेली, आणि त्याच आठ किलोला दांडे टेकेनात. दांडा दहा सेंटीमीटरचा. टोकाला आठ किलो पुरतात, तर सांध्यापासून आठव्या सेंटीमीटरवर बरोबर दहा लागतात. शाळेत तरफ शिकलो होतो ती चाळिशीनंतर अशी भेटली. छापणारा खोटा नव्हता, त्याने सुतळी कुठे बांधली तेवढंच सांगितलं नव्हतं. आणि माझ्या मुठीत तर चार सुतळ्या. करंगळी टोकाकडे, तर्जनी सांध्याजवळ. एकाच फिरकीवर चौघींचं वजन वेगळं.

गल्लीतले काका हे सगळं ओट्यावर बसून ऐकत होते. तरुणपणी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेललेला माणूस. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, आणि काठी तोलत चालायचं. त्याच्या सरावाची मोजमापं कुणी किलोत ठेवली नव्हती. "काय करलालास बे हे?" म्हणत त्यांनी ग्रिपर उचलला, फिरकी साठपर्यंत पिळली, दोनदा मिटला आणि परत दिला. "सैल पडलंय. बदलून आण."

पण बाईंनी दहा म्हटलं होतं. मी टोकाला दहा किलो टांगून, फिरकी केसभर केसभर फिरवून, दांडे जेमतेम टेकतील तिथे मार्करने काळी रेघ मारली. छापील १२ आणि १३ च्या मधे. मुठीची जागाही दांड्यावर आखली. वजनं परत केली, वहीतलं नाव खोडून घेतलं. बाईंना फोन करून ही पद्धत सविस्तर सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "दाबून दुखत नाही ना? मग चालू द्या."

दुखत नव्हतं. तीन वेळा दाबून आराम, पुन्हा तीन वेळा, असं काळ्या रेघेवर छान चाललं होतं. परवा भाचा आला, बोलता बोलता ग्रिपर घेऊन चाळीसवर दाबत बसला. मी आतून ओरडलो, "अरे, फिरकी होती तिथे ठेव!"

"ठेवली मामा," तो म्हणाला. "बरोबर दहावर. आणि कुणीतरी पेनाने रेघोट्या मारल्या होत्या, त्या पण पुसल्या."