जुना ड्रमसेट ‘नव्यासारखा’ करण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

कुणाच्या हाती १९५० किंवा १९६० च्या दशकातील लडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स अथवा प्रीमियर कंपनीचा ड्रमसेट आला, की वादकमंडळींमध्ये वर्षानुवर्षे फिरत असलेला एक सल्ला त्याच्यापर्यंत पहिल्याच दिवशी पोहोचतो. त्याचा आशय असा असतो: पिवळे पडलेले जुने आवरण उतरवून नवे चढवा, शेलच्या, म्हणजे ड्रमच्या पोकळ नळकांड्याच्या, कडा आधुनिक पद्धतीने पुन्हा कापून घ्या, आतून घासून वार्निश लावा, धातूच्या सर्व भागांवर नव्याने क्रोम चढवा आणि जुनी हेड, म्हणजे ज्यांवर वाजवले जाते ते ताणलेले पडदे, टाकून द्या, असे केल्याने आवाज सुधारतो, किंमत वाढते, आणि असे न केल्यास तो संच वाजवण्याजोगा राहत नाही. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्यांना ते वाद्य पुन्हा उभे राहिलेले पाहायचे असते, हे मला मान्य आहे. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक कृती अशी आहे की ती एकदा केली म्हणजे परत फिरवता येत नाही, आणि म्हणूनच तिचा स्वतंत्रपणे विचार व्हायला हवा.

आवरणाचा मुद्दा प्रथम घेतो, कारण बहुतेक संचांचे नुकसान तेथूनच सुरू होते. त्या काळातील पुष्कळ ड्रम लाकडी शेलवर मोत्यासारख्या झळाळीचे किंवा चमकीचे प्लास्टिकचे पातळ पत्रे चिकटवून तयार केले जात. खालचे लाकूड दिसणार नाही हे गृहीत असल्यामुळे त्याचा बाहेरचा थर देखणेपणासाठी निवडलेला नसे. आवरण ओढून काढताना त्या थराच्या चिरफळ्या निघतात, त्या भरण्यासाठी लांबी (पुट्टी) भरावी लागते, आणि कंपनीचा बिल्ला ज्या धातूच्या कडीने हवेच्या छिद्रात बसवलेला असतो ती कडी मोडल्याशिवाय बिल्ला सहसा निघत नाही. म्हणजे केवळ रंग बदलायचा म्हणून सुरू केलेल्या कामात लाकूड, बिल्ला आणि मूळ छिद्रांच्या कडा असे तिन्ही दुखावतात. शिवाय ज्याला आपण ‘खराब झालेला रंग’ म्हणतो तो पुष्कळदा नुसता मळ असतो. धुरकट दिवाणखान्यांत आणि क्लबांत वाजलेल्या ड्रमवर सिगारेटच्या धुराचा तपकिरी थर बसलेला असतो. तो सौम्य साबणाचे कोमट पाणी, मऊ कापड आणि शेवटी प्लास्टिकसाठीचे पॉलिश एवढ्याने निघतो, मात्र कापड ओले नव्हे तर दमटच असावे आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव वापरू नये. जे खरोखरच वयाने बदललेले असते, उदाहरणार्थ वरचा पारदर्शक थर पिवळा पडल्यामुळे हिरवट दिसू लागलेली निळी चमकी, ते मात्र धुऊन जात नाही. लग, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो शेलवरचा धातूचा भाग, उचलून पाहिला तर त्याच्या खाली मूळ निळा रंग जसाच्या तसा सापडतो. अशा ड्रमने स्वतःचा इतिहास स्वतःच्या अंगावर जपलेला असतो, आणि तो पुसून टाकण्यास काही सबळ कारण असले पाहिजे.

असे कारण कधीकधी असते, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जुन्या काळातील काही आवरणे सेल्युलोज नायट्रेटची आहेत. हा पदार्थ वयानुसार आकसतो, तडकतो, त्यातून आम्लयुक्त वायू बाहेर पडून जवळचा धातू गंजू लागतो, आणि तो अतिशय ज्वालाग्राही असतो. असे आवरण विघटनाच्या अवस्थेला पोहोचले असेल तर ते काढणे हेच योग्य. मात्र ते काढताना गरम हवेची बंदूक वापरण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो या पदार्थाच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो. त्याचप्रमाणे पूर्वीच्या कुणा मालकाने आवरण आधीच बदललेले असेल, तर जपण्याजोगे मूळ आवरण उरलेलेच नसते; अशा संचाला मालकाने आपल्या आवडीचा रंग द्यावा, त्याबद्दल कुणीही त्याला दोष देऊ नये. माझा आक्षेप आहे तो मूळ आवरण धडधाकट असताना केवळ चकाकीसाठी ते उतरवण्याला.

दुसरा मुद्दा कडांचा. तो वरवर तांत्रिक वाटतो, पण सर्वांत गंभीर आहे. शेलच्या ज्या कडेवर हेड टेकते तिला बेअरिंग एज म्हणतात, आणि ड्रमच्या आवाजात हेड व ते सुरात लावणे यांच्याखालोखाल हिचाच वाटा असतो. १९६० च्या दशकातील लडविगचा शेल तीन थरांचा आणि तुलनेने पातळ असे, वर आणि खाली त्याला आतून जाड लाकडी कड्यांचा आधार दिलेला असे, आणि कडेचा आकार बराचसा गोलसर असे. ग्रेचच्या कडेचा उतार साधारण ३० अंशांचा. अशा रुंद कडेवर हेडचा बराच भाग टेकतो, त्यामुळे वरचे तीक्ष्ण स्वर दबतात, आवाज लवकर आटोपतो आणि त्याला तो भरदार, किंचित कोरडा पोत येतो ज्यासाठी माणसे आजही हे ड्रम शोधत असतात. सल्ला देणारे सांगतात की ही कड ‘ओबडधोबड’ आहे, तेव्हा ती ४५ अंशांची धारदार करून घ्यावी. तसे केले म्हणजे आवाज अधिक उजळ आणि अधिक काळ रेंगाळणारा होतो हे खरे आहे. पण तो आजच्या कोणत्याही नव्या ड्रमचा आवाज असतो. ज्याला तो हवा आहे त्याने नवा ड्रम घ्यावा, कारण कापलेले लाकूड परत जोडता येत नाही आणि प्रत्येक कापणीत शेलची उंचीही घटते.

जुन्या लाकडात काही अद्भुत गुण असतो असा माझा दावा नाही. ‘जुने लाकूड आपोआप गोड वाजते’ ही समजूतही तितकीच तपासून घेण्यासारखी आहे, आणि त्या समजुतीची खिल्ली उडवणारे लोक त्या बाबतीत बरोबर आहेत. परंतु त्यांच्याच म्हणण्याचा तार्किक शेवट असा होतो की जुन्या ड्रमचे वेगळेपण लाकडाच्या वयात नसून त्याच्या बांधणीत, म्हणजे थर, आधाराची कडी आणि कड यांच्यात आहे. आणि मग नेमकी कडच बदलण्याचा आग्रह का, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. कड खरोखर बिघडली आहे काय, हे तपासण्याची रीत सोपी आहे. काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर शेल उपडा ठेवावा, आत दिवा लावावा आणि अंधाऱ्या खोलीत कडेखालून प्रकाश कोठे झिरपतो ते पाहावे. बारीकशी फट असेल तर लादीवर पॉलिश पेपर चिकटवून शेल हलक्या हाताने फिरवला तरी पुरते, आणि मूळ आकार हातानेच राखता येतो. मोठी लाट असेल, थर सुटले असतील, ड्रम कोणत्याही प्रयत्नाने सुरात येत नसेल, तेव्हाच कापणीचा विचार करावा, आणि तेव्हाही कारागिराला मूळ आकार मोजून देऊन तोच पुन्हा काढायला सांगावा. सुटलेले थर तर बहुधा कापावे लागतच नाहीत. सरस भरून शिकंजात आवळून ठेवले की ते बसतात. कोकण-गोव्याच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या संचांमध्ये हा दोष विशेष आढळतो, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्याने तो वाढतो.

शेल आतून घासून वार्निश लावण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्याच्या बाजूने सांगण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. लडविगच्या १९६० च्या दशकातील पुष्कळ शेलांना आतून राखाडी ठिपक्यांचा रंग असतो, ग्रेचच्या शेलांना रुपेरी. या रंगामुळे ‘लाकूड गुदमरते’ असे सांगितले जाते, पण कडेच्या आणि हेडच्या तुलनेत त्याचा आवाजावरील परिणाम नगण्य आहे. उलट लडविगच्या अनेक शेलांवर आतल्या बाजूला लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो, आणि ड्रम केव्हा बनला हे ठरवण्याचा तो सर्वांत भरवशाचा पुरावा असतो, कारण १९६३ च्या अखेरीपासून बिल्ल्यांवर छापलेले क्रमांक काटेकोर कालक्रमाने वापरले गेले नव्हते. पाच मिनिटांच्या घासणीत तो शिक्का कायमचा जातो.

धातूच्या भागांबाबतचा सल्ला बहुधा कल्हईच्या अनुभवावरून आलेला असावा: भांडे झिजले की कल्हई करावी, पुन्हा झिजले की पुन्हा करावी. क्रोमचे काम तसे चालत नाही. नवा मुलामा चढवण्यापूर्वी जुना रसायनाने उतरवून धातू घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि त्यात नक्षीच्या कडा, कोरलेली अक्षरे व आटे झिजतात. लग बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. त्यांत खड्डे पडले असतील तर ते या प्रक्रियेत आणखी उघडे पडतात. लडविगचा प्रसिद्ध सुप्राफोनिक ४०० हा स्नेअर (खालच्या हेडवर तारा ताणलेला ड्रम) तर ॲल्युमिनियमवर क्रोम चढवून बनवलेला आहे. या दोन धातूंची पकड मुळातच कच्ची असल्यामुळे त्याच्यावर पुटकुळ्या येतात आणि पापुद्रे सुटतात. तरीही तो वाजायचा तसाच वाजतो, आणि असंख्य ध्वनिमुद्रणांत तो वाजलेला आहे. हेड दाबून धरणाऱ्या पोलादी कड्यावरच्या, म्हणजे हूपवरच्या, क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमच्या घरगुती फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हळूहळू घासल्यास त्यांतील पुष्कळसे निघून जातात. निकेलचा मुलामा असलेल्या त्याहून जुन्या ड्रमवर मात्र पॉलिशही जपून करावे, कारण तो थर पातळ आणि मऊ असतो.

‘जुनी हेड टाकून द्या’ या वाक्याशी मी सर्वांत अधिक असहमत आहे. वाजवण्यासाठी नवे हेड बसवावे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो टाकून देण्याबद्दल. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्सच्या रिंगो स्टार यांच्या बेस ड्रमवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) जे पुढचे हेड होते, ते २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ते हेड म्हणजे त्यावर रंगवलेले बँडचे नाव असलेला प्लास्टिकचा एक पडदाच होता. यावर असे म्हटले जाते की तो रिंगो स्टार यांचा होता, आपला संच कुणा अनामिकाचा आहे. माझ्या मते आपल्याकडे तर हीच गोष्ट जपण्याचे अधिक मोठे कारण आहे. मुंबईतील हॉटेलांच्या नृत्यगृहांत आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत कावस लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ यांच्यासारख्या वादकांनी अनेक दशके तालवाद्ये वाजवली, त्यांच्यासोबत गोमंतकीय वादकांची एक मोठी पिढी उभी होती, आणि तरीही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे क्वचितच आली. अशा एखाद्या वादकाच्या घरातून निघालेल्या संचाच्या पुढच्या हेडवर रंगाने लिहिलेले बँडचे नाव, ड्रमच्या पेटीवर चिकटवलेली रेल्वेची किंवा हॉटेलची चिठ्ठी, आत पेन्सिलने लिहिलेली आद्याक्षरे, ही त्या माणसाच्या कामाची उरलेली एकमेव नोंद असू शकते. अशी हेड सपाट ठेवावीत, त्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि संच कुणाकडून, कोणत्या घरातून आला हे लिहून त्याच्यासोबत ठेवावे. यासाठी काहीच खर्च येत नाही.

किमतीचा दावा तर बाजारातील प्रत्यक्ष व्यवहाराच्या उलट आहे. जुन्या वाद्यांचे जाणकार ग्राहक मूळ आवरण, मूळ कडा आणि मूळ सुटे भाग असलेल्या संचाला अधिक मोल देतात आणि आवरण बदललेल्या संचाला ‘वाजवण्यापुरता’ म्हणून खालची किंमत लावतात, मग त्या कामावर मालकाने कितीही पैसे घातलेले असोत. हरवलेला लग किंवा मोडलेली विंगनट बदलण्याने किंमत फारशी घटत नाही, फक्त त्याच काळातील त्याच कंपनीचा भाग मिळवावा आणि काढलेला मूळ भाग मोडका असला तरी पिशवीत घालून ठेवावा.

राहता राहिला वाजवण्याजोगेपणाचा प्रश्न. जपलेला संच वाजवता येत नाही हे खरे नाही. अमेरिकी ड्रमवादक रेमो बेली यांनी १९५७ मध्ये प्लास्टिकची हेड बाजारात आणण्याच्या सुमारापर्यंत ड्रम वासराच्या कातड्यासाठी बनत, त्यामुळे काही जुन्या शेलांवर आजची हेड घट्ट बसतात. शिवाय १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या प्रीमियरच्या टॉमांचा (संचातील तारा नसलेल्या, काठीने वाजवायच्या ड्रमांचा) व्यास आजच्या प्रमाणित मापापेक्षा किंचित मोठा असतो. भारतात जुने संच शोधणाऱ्याला या ब्रिटिश कंपनीची गाठ पडतेच, म्हणून हे मुद्दाम सांगतो: अशा वेळी शेल बाहेरून घासून बारीक करण्याचा सल्ला कदापि मानू नये, कारण त्या मोठ्या मापाची हेड आजही मागवता येतात. लगमधल्या स्प्रिंगा खडखडत असतील तर त्यांत कापसाचा किंवा फेल्टचा तुकडा भरावा, आटे साफ करून त्यांना किंचित ग्रीस लावावे, तुटक्या स्नेअर तारा बदलाव्यात. ही सगळी कामे परत फिरवता येणारी आहेत आणि ती निःशंकपणे करावीत. टॉम बसवण्याचा जुना दांडा डगमगतो म्हणून बेस ड्रमला नवे छिद्र पाडून आधुनिक पकड लावण्याचीही गरज नाही, कारण लहान टॉम स्नेअरच्या साध्या स्टँडवर ठेवला तरी उत्तम वाजतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या शेलवर एकही नवी खूण राहत नाही.