सॅक मोजून डिफेन्स कळत नाही

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) आले की हे वाक्य हमखास फिरायला लागतं: ‘सॅक म्हणजे फुटबॉलमधली विकेट. ज्याचे सॅक जास्त त्याचा डिफेन्स भारी, आणि तोच सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणार.’ अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्या मराठी माणसाला ते लगेच पटतं, कारण क्रिकेटचं गणित आपल्या अंगात मुरलेलं आहे. पण या वाक्यातला एकही तुकडा नीट टिकत नाही.

आधी विकेट. विकेट पडली की फलंदाज तंबूत परततो. सॅक म्हणजे चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) खेळी सुरू होते त्या रेषेमागे लोळवणं. तो अंग झटकून उठतो आणि पुढचा डाऊन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार खेळ्यांपैकी एक) खेळतो. नुकसान एका डाऊनचं आणि साधारण सहा-सात यार्डांचं. स्वतःच्या 30 यार्डांवर तिसरा डाऊन आहे आणि 15 यार्ड हवे आहेत, अशा वेळी पास हुकला काय नि सॅक झाला काय, पुढे बहुतेक पंटच (चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याला देणं). कुठे झाला, कोणत्या डाऊनला झाला, त्यावर सॅकची किंमत ठरते.

5 फेब्रुवारी 2017 चा सुपर बोल बघा. अटलांटा 28-20 ने पुढे, पाचपेक्षा कमी मिनिटं शिल्लक आणि चेंडू अटलांटाकडे, प्रतिस्पर्धी पेट्रियट्सच्या 22 यार्डांवर. सरळ तीन वेळा चेंडू हातात धरून पळाले असते आणि फील्ड गोल (लाथेने खांबांमधून चेंडू मारणं, तीन गुण) मारला असता, तर आघाडी 11 ची झाली असती. पहिल्या धावेत एक यार्ड गमावला. दुसऱ्या डाऊनला अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायन पास करायला मागे सरकला आणि पेट्रियट्सच्या ट्रे फ्लॉवर्सने त्याला 12 यार्ड मागे पाडलं. पुढच्याच खेळीला अटलांटाला होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा) दंड, आणखी 10 यार्ड मागे. फील्ड गोल आवाक्याबाहेर, पंट. पेट्रियट्सनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये 34-28 ने जिंकले. त्या सामन्यात सॅक दोन्हीकडे पाच-पाच होते. फ्लॉवर्सच्या त्या एका सॅकचं वजन मात्र इतर कुठल्याही सॅकपेक्षा जास्त ठरलं, आणि आकड्यांच्या रकान्यात त्याची नोंद ‘1’ एवढीच.

आता ‘ज्याचे सॅक जास्त त्याचा डिफेन्स भारी’. 2021 मध्ये पिट्सबर्गने लीगमध्ये सर्वाधिक, 55 सॅक केले. टी. जे. वॉटने एकट्याने 22.5 (दोघांनी मिळून केलेला सॅक प्रत्येकी अर्धा धरतात), म्हणजे तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी. आणि त्याच मोसमात धावून केलेले यार्ड देण्यात पिट्सबर्ग लीगमध्ये तळाला होतं, दर सामन्याला 146 च्या वर. समोरचा संघ पासच करत नसेल तर सॅक कुणाचा करणार? प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीने त्यांना 42 गुण ठोकले.

2024 मध्ये डेन्व्हर 63 सॅकसह पहिलं. प्लेऑफमध्ये बफेलोकडून 31-7 ने हरून घरी. सर्वात कमी यार्ड दिले फिलाडेल्फियाने, सॅक 41.

‘तोच जिंकणार’ याला तर एक सामना पुरेसा आहे. 22 जानेवारी 2022, टेनेसीने सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरोला नऊ वेळा पाडलं. नऊ! प्लेऑफच्या विक्रमाशी बरोबरी. सामना सिनसिनाटीने 19-16 ने जिंकला, कारण टेनेसीचा क्वार्टरबॅक रायन टॅनेहिलने तीन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडलेले पास) फेकले. त्यातलं शेवटचं अखेरच्या अर्ध्या मिनिटात आलं, आणि मग सिनसिनाटीचा 52 यार्डांवरून फील्ड गोल. चेंडू हातातून जाणं सॅकपेक्षा कितीतरी महाग असतं. क्रिकेटचीच भाषा हवी असेल तर विकेट ती.

इथे समर्थक म्हणतात, ‘बरं, पण प्रेशर (क्वार्टरबॅकवर धावून जाऊन त्याला घाई करायला लावणं) येऊनही सॅक झाला नाही तर मेहनत फुकटच की.’ अजिबात नाही. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बेने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला फक्त तीन वेळा सॅक केलं. त्याच्यावर प्रेशर मात्र 29 वेळा आलं. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल (क्वार्टरबॅकचं दोन्ही बाजूंनी रक्षण करणारे) मैदानाबाहेर, महोम्स रात्रभर मागे मागे पळत होता. एकही टचडाऊन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण) नाही, पराभव 31-9. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात रॅम्सनी बरोला सात सॅक केले, पण सामना संपवणाऱ्या चौथ्या डाऊनला अ‍ॅरन डोनाल्डने त्याला पकडून गरागरा फिरवलं आणि बरोने पडता पडता चेंडू भिरकावला. नोंद झाली ‘अपूर्ण पास’. डोनाल्डच्या सॅकच्या खात्यात त्याचा छदामही नाही.

एक उलटा मुद्दाही विसरला जातो. आघाडीवर असलेल्या संघाला सॅक आपोआप जास्त मिळतात, कारण पिछाडीवरचा संघ नाइलाजाने पासवर पास करतो. म्हणजे बऱ्याचदा जिंकतोय म्हणून सॅक होतात. शिवाय चेंडू पटकन सोडणारा क्वार्टरबॅक समोर असला की चांगला डिफेन्सही रिकाम्या हाताने परततो. फिलाडेल्फियाने 2022 च्या मोसमात 70 सॅक केले, चौघांचे दहाच्या वर. सुपर बोलमध्ये घोटा दुखावलेल्या महोम्सविरुद्ध शून्य, आणि पराभव 38-35. मैदान निसरडं होतं हे खरं, पण ते दोन्ही संघांना निसरडं होतं.

दोन वर्षांनी सुपर बोलमध्येच फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीची परतफेड केली, आणि तीही एकही ब्लिट्झ (नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त खेळाडू क्वार्टरबॅकवर सोडणं) न करता. समोर चौघेच, बाकीचे सात मागे पास अडवायला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये फिलाडेल्फिया 10-0 ने पुढे असताना लागोपाठ दोन सॅक झाले, तिसरा डाऊन 16 यार्डांचा झाला आणि महोम्सने घाईत फेकलेला चेंडू फिलाडेल्फियाच्या कूपर डीजीनने मध्येच पकडून थेट 38 यार्ड पळवत टचडाऊनला नेला. त्या रात्री एकूण सॅक सहा होते. त्यातले काही निकाल लागून गेल्यावरचे. कामाचे म्हणाल तर हे दोन.

आणि वैयक्तिक विक्रमांवर फार भिस्त ठेवायची असेल तर 2001 च्या मोसमातला मायकेल स्ट्रेहनचा 22.5 वा सॅक जरूर बघा. ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह चेंडू घेऊन उजवीकडे आला आणि स्ट्रेहन दिसताच त्याच्यासमोर आपणहून खाली बसला. स्ट्रेहनने नुसता हात ठेवला. सॅक पूर्ण धरला गेला.